विद्यापीठातल्या फेलोशिपसाठी पाहुणे वक्ते: कुणाला, कधी आणि कसं बोलवावं?

बेगमपुरा_बुधवार
सर्वांना जय ख्रिस्त. संभाजीनगरात विद्यापीठ परिसरातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची आमची छोटी फेलोशिप, म्हणजे एकत्र प्रार्थना आणि बायबल अभ्यास करणारा गट आहे, साधारण २५–३० मुलंमुली. पदव्युत्तर विभागांतली काही, काही फार्मसीची, काही बी.एड.ची. निम्म्याहून जास्त जण जालना, अंबड, बीड, पैठणकडच्या गावांतून आलेले. कुणी वसतिगृहात राहतं, कुणी खोली करून. बुधवारचा बायबल अभ्यास मुलं स्वतःच चालवतात. येत्या सत्रात बाहेरचे वक्ते बोलवायचं ठरतंय. यादीत आठ नावं आली आहेत आणि प्रत्येकाला एकेक शनिवार द्यावा असं बहुतेकांचं मत आहे. मुलांचा विश्वास खरोखर वाढावा, नुसता कार्यक्रम पार पडू नये, यासाठी काय बघावं? तारखा, विषय, परवानगी, मानधन, सगळ्यावरच सांगा.

पाचोडकर
आठ शनिवार आणि आठ वक्ते हे आधी बदला. प्रत्येक वक्ता पहिली दहा मिनिटं स्वतःची ओळख देण्यात आणि मुलांचा अंदाज घेण्यात घालवतो. मग त्याच्याकडे तयार असलेला संदेश देतो आणि निघून जातो. आठ वेळा असं झालं की मुलांच्या वहीत आठ वेगवेगळी शीर्षकं राहतात, त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. त्यापेक्षा एका सत्रात दोनच वक्ते घ्या आणि प्रत्येकाला सलग तीन किंवा चार शनिवार द्या. दुसऱ्या शनिवारी तो मुलांना नावानं ओळखतो. मनातला खरा प्रश्न मुलं तिसऱ्या शनिवारी विचारतात, त्याआधी नाही.

मालिकेसाठी पवित्र शास्त्रातलं एखादं छोटं पुस्तक निवडा. रूथ, योना, फिलिप्पैकर, कलस्सैकर ही चार-चार अध्यायांची. हबक्कूक तीन अध्यायांचं. आपल्या भागातल्या मुलांसाठी माझी पहिली पसंती हबक्कूकच. पहिल्या अध्यायात संदेष्टा देवाला थेट विचारतो की मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. ज्यांच्या घरी दुष्काळात जनावरं छावणीला गेली, त्या मुलांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही. त्यांना एवढंच सांगावं लागतं की असा प्रश्न देवाला विचारण्याची मुभा आहे.

बुधवारच्या अभ्यासात मुलांनी तोच अध्याय आधी वाचायचा. शनिवारी वक्त्यानं तोच उघडायचा. पुढच्या बुधवारी त्यावरचं उरलेलं बोलायचं आणि पुढचा अध्याय वाचायचा. अशानं पाहुणा तुमच्या अभ्यासाला मदत करतो. नाहीतर बुधवार ओस पडतो आणि सगळे शनिवारच्या पाहुण्याची वाट बघत बसतात. पाहुण्यांमुळे फेलोशिप कमकुवत होते ती इथेच.

तारखांचं असं. पहिल्या सत्रात ऑगस्ट आणि सप्टेंबर. जुलैत प्रवेशाची धावपळ असते, ऑक्टोबरपासून परीक्षेचं वारं. दुसऱ्या सत्रात जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. १४ जानेवारी टाळा, नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक येतात, रस्ते बदललेले असतात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. तो दिवस शनिवार-रविवारला जोडून आला तर मुलं गावी जातात. आठवड्याच्या मधे आला तर दिवसभराच्या शिबिराला उत्तम.

कंधार_रोड
पाचोडकर, तुमचं पटतंय पण नांदेडला हे जमायचं कसं? संभाजीनगरला पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, नगर त्याच्या निम्म्यावर. वक्ता शनिवारी येऊन रविवारी घरी जाऊ शकतो. आम्हाला पुण्या-मुंबईचा माणूस म्हणजे रात्रभराचा प्रवास. एका माणसाला तीनदा बोलवायचं तर सगळा वर्गणीचा पैसा गाडीभाड्यातच जायलाय.

पाचोडकर
तुमच्याकडे उलटं करा. वक्त्याला तीनदा बोलावू नका, एकदाच बोलवा आणि दोन दिवस ठेवून घ्या. शुक्रवारी रात्री देवगिरीनं किंवा मिळेल त्या गाडीनं निघाला तर शनिवारी येतो. शनिवारी दुपारी पहिलं सत्र, संध्याकाळी दुसरं, रविवारी उपासनेनंतर तिसरं. हबक्कूकचे तीन अध्याय बसतात. फक्त शनिवारी सकाळी त्याला झोपू द्या. गाडीतून उतरवून थेट चार मंडळ्यांच्या (चर्चच्या) भेटीला फिरवायचं आणि संध्याकाळी दमलेल्या माणसाकडून संदेशाची अपेक्षा करायची, ही चूक फार ठिकाणी होते.

आणि मधल्या महिन्यांसाठी जवळचा माणूस शोधा. चांगला वक्ता पुण्यातच राहतो असं काही नाही. नांदेड, परभणी, लातूरला ख्रिस्ती डॉक्टर, शिक्षक, बँकेतले लोक आहेत, जे वचन नीट वाचतात आणि विद्यार्थ्यांशी सरळ बोलतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून गेलेला एखादा कृषी अधिकारी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावर, बागेची मशागत आणि राखण या विषयावर जे बोलेल, ते पोटतिडकीनं बोलेल.

नमुना_दाखला
वक्ते शोधायला कुठे विचारावं, हे नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून लिहिते. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आपण ज्यांना ई.यू.वाले म्हणतो, १९५४ पासून कॉलेजांत काम करते. तिची पदवीधर शाखाही आहे. तिथे नोकरी करणारे, विद्यार्थ्यांची सवय असलेले लोक भेटतात. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ची, ती सामाजिक प्रश्नांवर जास्त बोलते. कॅथलिक मुलांसाठी ऐकफ, म्हणजे ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, १९२४ची. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे बायबलचं शिक्षण देणारं महाविद्यालय आहे. तिथले अध्यापक दूरच्या ठिकाणी प्रत्येक वेळी येऊ शकत नाहीत, पण शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी येतात आणि मुलांच्या वयाचे असल्यानं लवकर मिसळतात. शहरातल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना मात्र आधी सांगा. त्यांना कळवल्याशिवाय बाहेरचा वक्ता आणला की पुढे हॉल मागताना तोंड दाखवायला जागा राहत नाही.

बेगमपुरा_बुधवार
परवानगीचं काय? काही जण म्हणतात विभागातला वर्ग मिळेल, काही म्हणतात नकोच.

कलम_अठ्ठावीस
सार्वजनिक विद्यापीठाच्या वर्गात उपासना किंवा धर्मसंदेश ठेवू नका. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही कुणाला त्याच्या संमतीशिवाय उपस्थित राहायला लावता येत नाही. त्यामुळे वचनाचा कार्यक्रम मंडळीच्या हॉलमध्ये, कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या सभागृहात घ्या. परिसरात घ्यायचाच असेल तर विषय सर्वांसाठी खुला, व्याख्यानाच्या स्वरूपाचा हवा. त्यासाठी विभागप्रमुख किंवा विद्यार्थी विकास विभागाकडे लेखी अर्ज द्यायचा. विषय, वक्त्याचं नाव, वेळ, अपेक्षित संख्या आणि दोन जबाबदार विद्यार्थ्यांची नावं लिहायची, पोच घ्यायची. तोंडी होकारावर जाऊ नका. वसतिगृहाच्या खोलीत वीस जणांची सभा तर नकोच, अधीक्षकांना आधी न सांगता मुळीच नको.

कलम २५ नं धर्म आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणून वक्त्याला पत्रातच लिहून कळवा: इतर धर्मांवर टीका नाही, नोकरी, पैसा, बरं होणं यांचं आमिष नाही, हात वर करा किंवा पुढे या असं आवाहन नाही. हे कायद्यासाठी जितकं, तितकंच शुभवर्तमानाच्या इभ्रतीसाठी. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेबद्दल उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हटलं आहे आणि लगेच सौम्यता व आदर सांगितला आहे.

परदेशी पाहुणा असेल तर जास्त जपा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला इथे धर्मोपदेश करता येत नाही. तो उपासनेला बसू शकतो, व्यासपीठावरून संदेश देऊ शकत नाही. त्यानं प्रेमानं दिलेलं पाकीटही घेऊ नका. परदेशी देणगीचा कायदा २०१० चा आहे आणि नोंदणी नसलेल्या फेलोशिपला अशी रक्कम घेता येत नाही.

अंबाजोगाई_रसायन
विषयांवर लिहिते, कारण खरा घोळ इथे होतो. फेलोशिप वक्त्याला फोनवर म्हणते, ‘तरुणांसाठी काहीतरी बोला’. मग वक्ता मोबाइलचा वापर, वाईट संगत आणि वेळेचं नियोजन यांवर बोलतो. एम.एस्सी.च्या मुलाला हे शाळेपासून पाठ असतं. त्याच्या मनात जे खदखदतं ते वेगळंच असतं.

ते काढून घ्यायची एक रीत आहे. वक्ता येण्याच्या तीन आठवडे आधी बुधवारी प्रत्येकाला सारख्या आकाराचा कोरा कागद द्या. नाव लिहायचं नाही. ज्याला प्रश्न नाही त्यानंही कोरा कागद घडी करून डब्यात टाकायचा, म्हणजे कोण लिहितंय ते दिसत नाही. प्रश्न वाचून दोन जणांनी गट करायचे आणि सगळे प्रश्न, मुलांच्याच शब्दांत, न सुधारता, वक्त्याला पाठवायचे. भाषा सभ्य करायला गेलात की प्रश्नातला जीव जातो.

मराठवाड्यात येणारे प्रश्न थोडेफार ठरलेले असतात. पहिला म्हणजे हा गोऱ्यांचा धर्म आहे का. याला ‘नाही’ एवढं उत्तर पुरत नाही. वक्त्याला केरळमधल्या सेंट थॉमस परंपरेच्या मंडळ्या इंग्रजांच्या कितीतरी आधीच्या आहेत, हे माहीत हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलं, म्हणजे ख्रिस्ताची कथा मराठीत चारशे वर्षांपूर्वी गायली गेली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. ना. वा. टिळक अभंगांतून ख्रिस्ताला आळवत. आणि घरच्या अंगणातलं उदाहरण म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये बाप्तिस्मा, पुढे जालन्यात काम, जवळच बेथेल गाव वसवलं. जालन्याच्या मुलांनाच हे माहीत नसतं, त्यांना सांगितलं की ती ताठ बसतात.

दुसरा, विज्ञान शिकून विश्वास ठेवायचा कसा. इथे रसायन-भौतिक शिकवणारा माणूस बोलवा, आणि त्याला बजावा की उत्क्रांतीचं खंडन चाळीस मिनिटांत करू नका. अर्धवट युक्तिवाद मुलं वसतिगृहात जाऊन मोडीत काढतात आणि मग वचनावरचाही भरवसा जातो. लूक १:१–४ मध्ये लेखक सगळं मुळापासून शोधून क्रमवार लिहिल्याचं सांगतो, तिथून सुरुवात होऊ शकते. १ करिंथ १५:३–८ मध्ये पौल पुनरुत्थित प्रभूला पाहिलेल्यांची यादी देतो आणि त्यांतले बरेच अजून हयात असल्याचं लिहितो. साक्ष म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, याची चर्चा विद्यार्थ्यांना आवडते. शंका घेणाऱ्या थोमाला प्रभूनं हाकललं नाही, हेही त्याच सत्रात यावं.

तिसरा प्रश्न जातीचा. हा टाळणारा वक्ता आपल्या परिसरात बोलवूच नका. हे बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, इथली मुलं जातीवर वाचलेली असतात. ‘मंडळीत जात नसते’ असं म्हटलं की सभा तिथेच संपते, कारण लग्नं कशी जमतात, कोणत्या घरी जेवण होतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ख्रिस्तात सगळे एक आहेत असं सांगणारं गलतीकर ३:२८ वाचा आणि मग म्हणा की या वचनापुढे आपली मंडळी अजून आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. जातीच्या दाखल्याचा प्रश्नही येतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. फी, शिष्यवृत्ती, नोकरी सगळं त्यावर अडतं, त्यामुळे बाप्तिस्मा झालेला मुलगा वर्गात गप्प बसतो. त्याला ‘विश्वासात कमी पडतोस’ असं म्हणणारा वक्ता घाव घालून जातो. त्या मुलाचं ओझं आधी ऐकून घेणारा हवा.

टाऊनहॉल_पेटी
थोडं सामानाचं. ३० जणांच्या खोलीत माइक लावू नका, माइक आला की वक्ता भाषण करायला लागतो. खुर्च्या अर्धवर्तुळात. दोनच गीतं, त्यातलं एक पेटी-तबल्यावरचं भजन असू द्या, ते गावाकडच्या मुलांना येतं. वक्त्याची फाइल पीडीएफमध्येच मागवा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या फॉन्टमध्ये टंकलेलं वचन तुमच्या लॅपटॉपवर अगम्य चिन्हांसारखं दिसतं. वीज जाईल हे धरून वचनाच्या ३५ छापील प्रती ठेवा, सगळ्यांचं भाषांतर एकच राहतं हा दुसरा फायदा. चहा ३० कपांना दीड लिटर दूध आणि तेवढंच पाणी, पाव किलो साखर. चहा शेवटी द्या, मधे नाही.

शहागंज_ताई
वेळ साडेपाच ते सात. मुलींच्या वसतिगृहाचं दार आणि मेसची वेळ दोन्ही सांभाळायची असतात. सात म्हणजे सात. वक्त्याला आधीच सांगा की बोलणं २५ मिनिटं, प्रश्न २५ मिनिटं, मग पाच-सहा जणांच्या गटात २० मिनिटं आणि प्रार्थना. समोर बसलेल्या एकानं विसाव्या मिनिटाला पाटी दाखवायची. संकोच करू नका, चांगले वक्ते त्याबद्दल आभार मानतात. तासभर बोलणाऱ्याला पुढच्या वेळी बोलवायचं नाही, कितीही मोठं नाव असो. कारण गटातल्या त्या वीस मिनिटांतच लाजरी मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते.

सत्रात निदान एक वक्ती स्त्री असावी, आणि तिला फक्त ‘मुलींसाठी’ विषय देऊ नका. तिनं हबक्कूक शिकवावा.

प्रार्थनेसाठी कुणाला वक्त्याशी एकटं बोलायचं असेल तर दार उघडं, नजरेच्या टप्प्यात दुसरा माणूस. मुलीबरोबर ताईनं बसायचं. मुलांचे फोननंबर वक्त्याला द्यायचे नाहीत, पुढचा संपर्क फेलोशिपच्या दोन जबाबदार व्यक्तींमार्फत. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर प्रार्थना कराच, पण त्याला एकटं सोडू नका, घरच्यांपैकी विश्वासातल्या माणसाला आणि डॉक्टरला लगेच जोडा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. ‘विश्वास असता तर असं वाटलं नसतं’ हे वाक्य कुणी उच्चारू नये, हे वक्त्याला आधी सांगून ठेवा. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस गप्प बसून जे चांगलं केलं, ते बोलायला लागल्यावर बिघडवलं.

परीक्षेआधी पेनांवर तेल लावून प्रार्थना करणारे, पास होण्याची हमी देणारे वक्ते येतात. त्यांना घेऊ नका. नापास झालेला मुलगा मग परीक्षेबरोबर प्रभूलाही सोडतो.

कंधार_रोड
आमच्याकडे कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल पोरं एकत्र बसायलेत. बाहेरचा वक्ता येऊन बाळबाप्तिस्म्यावर बोलला की दोन आठवडे कुरबूर. काय करावं?

पाचोडकर
पत्रात सरळ लिहा: बाप्तिस्म्याची पद्धत, अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषेत बोलणं), मरीयेचं स्थान हे विषय व्यासपीठावरून नकोत. हे प्रश्न दडपायचे नाहीत. एखाद्या बुधवारी आपापल्या मंडळीची शिकवण प्रत्येकानं समजावून सांगायची, दुसऱ्यांनी फक्त ऐकायचं. पाहुण्याला तुमच्या घरातली नाती माहीत नसतात, म्हणून त्याच्याकडून हे नको.

पत्राचंच आलं आहे तर सांगतो. दोन महिने आधी पत्र, दहा दिवस आधी फोन, आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन. पत्रात किती मुलं, काय शिकतात, कितींना घरी ख्रिस्ती वातावरण आहे, इतर धर्मांचे किती मित्र येणार, मराठी सोपी हवी की मिश्र चालेल, कोणता अध्याय, किती मिनिटं, उतरवून घ्यायला कोण येणार, मुक्काम कुठे.

मित्र येणार असतील तर त्यांना येण्यापूर्वीच स्पष्ट कळलं पाहिजे की हा ख्रिस्ती कार्यक्रम आहे. ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून बोलावून आत येशूवर संदेश देणं ही फसवणूक आहे, आणि सत्याची ओळख खोट्यानं करून देता येत नाही.

पाहुणा गेल्यानंतरचा बुधवार कधीही रद्द करू नका. तीनच प्रश्न ठेवा: वचनात काय होतं, वक्त्याच्या बोलण्यातलं काय वचनात सापडलं नाही, आणि या आठवड्यात काय करायचं. दुसरा प्रश्न मुद्दाम. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंही शास्त्रात रोज पडताळून बघत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांची स्तुती करतं. पुढच्या मालिकेत शेवटचा अध्याय तुमच्यातल्याच एका मुलाकडे किंवा मुलीकडे द्या, वक्ता श्रोत्यांत बसेल आणि नंतर त्याच्याशी किंवा तिच्याशी तयारीबद्दल बोलेल. २ तीमथ्य २:२ हेच सांगतं, ऐकलेलं विश्वासू माणसांच्या हाती द्यायचं, जे इतरांना शिकवतील. दोन वर्षांनी मुलं पास होऊन जातात, त्यामुळे प्रथम वर्षाच्या मुलांना तयारीच्या गटात पहिल्याच सत्रापासून घ्या.

बेगमपुरा_बुधवार
खूप मदत झाली. आठऐवजी दोन वक्ते, पहिली मालिका हबक्कूक, शनिवार साडेपाच, मंडळीच्या हॉलसाठी पाळकसाहेबांना उद्याच भेटतो. शेवटचं एक: मानधन किती आणि कसं?

नमुना_दाखला
प्रवासखर्च आणि मानधन वेगळं ठेवा. प्रवासखर्च तिकीट बघून पूर्ण द्यायचा, येण्याआधी विचारायचं की आगाऊ हवा का. सेमिनरीच्या विद्यार्थ्याकडे तिकिटाचे पैसे नसतात आणि तो सांगत नाही. मानधन फेलोशिपला झेपेल तेवढं, पण प्रत्येक वक्त्याला सारखं, मोठ्या नावाला जास्त असं नाही. पैसे खजिनदारानं बंद पाकिटात, निघण्याआधी, बाजूला नेऊन द्यायचे, वहीत सही घ्यायची. मुलांसमोर अर्पणाची थैली फिरवून त्यातून देऊ नका, गावाकडून महिन्याच्या पैशावर राहणारी मुलं त्यामुळे पुढच्या शनिवारी येत नाहीत. सत्राच्या सुरुवातीला नोकरीला लागलेल्या जुन्या सदस्यांना अंदाजपत्रक पाठवा, दोन वक्त्यांचा खर्च तेवढ्यात निघतो. आणि वक्त्याला डबा बाहेरून आणण्याऐवजी एखाद्या कुटुंबात जेवायला न्या, बरोबर दोन मुलं पाठवा. तिथे जेवताना जे बोलणं होतं ते हॉलमध्ये होत नाही.